सात गाठींचा रुमाल

यासीन गेला त्या रविवारी सकाळी मी साताऱ्यात थिएटरच्या अंधारात बसून स्वतःलाच बघत होतो. खोटं कशाला सांगू, तिसऱ्यांदा बघत होतो. सिनेमा शुक्रवारी लागला होता. त्यात माझं काम सव्वा मिनिटाचं, आणि त्या सव्वा मिनिटातलाही बराचसा वेळ मी एका जीपच्या मागे. तरीपण शुक्रवारी बायकोबरोबर गेलो, शनिवारी शेजाऱ्यांना गोळा करून नेलं आणि रविवारी, कुणीच यायला तयार होईना म्हणून, एकटा गेलो. फोन बंद केलेला होता. पडद्यावर पाटी आली की फोन मेला पाहिजे, हा यासीनचाच नियम. बाहेर येऊन फोन चालू केला तर सांगलीहून अकरा मिस्ड कॉल, सगळे यासीनच्या घरचे. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, निकाल आला. आदल्याच दिवशी त्यानं सांगलीत हा सिनेमा बघितला होता आणि आता त्याला सोमवारपर्यंत दम निघत नसणार... हसत हसत फोन लावला. त्याच्या मेहुण्यानं उचलला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारापर्यंतच पोचले, म्हणाला. जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज झाली की माती देणार.

तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. स्टँडवर धावलो, मिळाली ती गाडी पकडली, कराडला उगाचच उतरून दुसरी पकडली, ती पहिलीपेक्षा हळू निघाली. कबरस्तानात पोचलो तेव्हा साडेचार झाले होते आणि माणसं परतली होती. ओल्या मातीवर फुलांची चादर होती, कडेला दोन खोरी टेकवून ठेवली होती. माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राच्या मातीला मी पोचलो नाही, कारण मी त्या वेळी जीपच्या मागे उभा होतो.

तुमच्यातल्या काहींना यासीन ‘रुमालवाले भाई’ म्हणून ठाऊक असेल. कुपवाड रस्त्याला त्याचा गादी कारखाना. कारखाना ही पाटीवरची भाषा, प्रत्यक्षात एक लांबट खोली, पिंजण्याचं मशीन, कापसाचा ढीग आणि मधोमध तो, हातात वीतभर लांब दाभण. मी मूळचा साताऱ्याचा, पण कुपवाडला पंपाच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत सांगलीत सव्वीस वर्षं काढली. एकदा गादी शिवून घ्यायला गेलो आणि नुकत्याच बघितलेल्या सिनेमावरून आमची अशी जुंपली की संध्याकाळपर्यंत गादी अर्धीच राहिली. तेव्हापासून तो मला ‘सातारकर’ म्हणायचा आणि माझं एकही मत जसंच्या तसं मान्य करायचा नाही. मोबाइलवर जो तो काहीतरी दाखवायला लागला तेव्हा मी म्हटलं, आपणही भांडू या की लोकांसमोर. तसं ‘गादीवरच्या गप्पा’ सुरू झालं. नवीकोरी गादी अंथरायची, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला यासीन, आणि प्रचारासाठी पुण्याहून कोल्हापूरला निघालेलं कुणी नट, दिग्दर्शक, कॅमेरावालं गळाला लागलं तर मधे पाहुणा. मी निवृत्त होऊन साताऱ्याला परतलो तरी दर सोमवारी सकाळची गाडी धरून यायचो.

यासीन सिनेमाला तारे देत नसे. रुमाल न्यायचा. मोठा, पांढरा, चौकोनी. सिनेमा बघताना जिथं मन उडालं तिथं अंधारातच रुमालाच्या कडेला एक गाठ मारायची, बस्स. एकदा एका नटीनं विचारलं, ही कुठली पद्धत. तर म्हणाला, “गादीत कापूस जिथं सरकतोय तिथं आमी गाठ मारतो. पिच्चर बगताना मन सरकलं, की हितं.” त्याच नटीला कापसानं तेरा शिंका आल्या आणि आमचा तो भाग सगळ्यात जास्त बघितला गेला. एका नामांकित नटानं अंगठी फिरवत विचारलं होतं, माझा मरण्याचा प्रसंग कसा वाटला? यासीन लय गंभीरपणे म्हणाला, “चांगलाच मेला तुमी. फकस्त मेल्यावर पोट हालत हुतं.” नट इतका हसला की गादीवर आडवा झाला, आणि तेव्हाही पोट हालत होतं. मी मात्र तयारी करून यायचो आणि तोंडावर पडायचो. एका सिनेमाला मी गेलोच नव्हतो, वर्तमानपत्रात वाचून आलो आणि दिग्दर्शकाला म्हणालो, गाणी अप्रतिम. त्यात एकही गाणं नव्हतं. पाहुणा अवघडला. यासीन शांतपणे म्हणाला, “ह्येच्या डोक्यात वाजत असत्यात. तुमी नका मनावर घेऊ.”

गाठी किती हे तो कॅमेऱ्यासमोरच सांगायचा, आधी मलाही नाही. तीनपर्यंत असल्या तर म्हातारीकोतारी घेऊन जायचं, पाचच्या वर गेल्या तर सरळ घरी बसायचं, असं कुपवाडच्या कारखान्यांतली माणसं धरून चालायची. पाळी सुटली की दुचाकी दारात लावून विचारायची, “किती गाठी, भाई?” एखाद्याच्या शब्दावर एवढा विश्वास मी दुसरीकडे बघितला नाही. आणि त्याच शब्दाला मी हात घातला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दिग्दर्शकाचा नवा सिनेमा लागला होता आणि तो स्वतः आमच्या गादीवर येणार होता. फोनवर ठरवता ठरवता तो सहज म्हणाला, पुढच्या सिनेमात एक हवालदार आहे, तुमचा चेहरा मला फार आवडतो. झालं. साठीतला माणूस, आयुष्यभर नट-बोल्ट मोजलेला, मी त्या एका वाक्यावर आठवडाभर आरशासमोर सलाम ठोकत होतो. त्या सोमवारी पाहुणा यायच्या आधी यासीन जोहरच्या नमाजाला मशिदीत गेला. त्याचं जाकीट खिळ्याला होतं. मी बाहेरून नुसता खिसा चाचपला. एक, दोन, तीन... सात. सात गाठी म्हणजे माझा हवालदार गेला. मी रुमाल काढला. त्याच्या गाठी कसल्या, बोटांनी सुटेनात. दातांनी सोडवायला लागलो. घाईघाईत चार सोडवल्या, रुमाल हातानं सपाट केला, परत खिशात कोंबला आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं समोरचं भडंग खायला लागलो. अडचण एवढीच, की भडंग मी आधीपासूनच खात होतो.

पाहुण्यासमोर यासीननं रुमाल काढला. बोटं कडेवरून फिरत गेली, तिसऱ्या गाठीवर थांबली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. पुढं नुसत्या चुण्या होत्या, आणि चुणीजवळ तिखट तेलाचा लालसर डाग. त्या डागावर त्याचा अंगठा टेकला. त्यानं माझ्याकडे बघितलं. तो भाग अजून आहे मोबाइलवर, बघा कधी. जेमतेम दोन सेकंद आहेत, पण मला अजून ती पुरी बघवत नाहीत. मग तो पाहुण्याकडे वळून म्हणाला, “तीन.”

का म्हणाला, ते त्यानं कधी सांगितलं नाही. दारात आलेल्या पाहुण्यासमोर मित्राची अब्रू काढायची नाही, एवढाच मी अर्थ लावला आणि त्याच्यावर भागवून नेलं. पण पुढच्या सोमवारी संभाजी आला. कुपवाडला वेल्डिंग करतो, गाव शिराळ्याकडचं. आरडाओरडा काही केला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, “भाई, आई आयुष्यात पयल्यांदा थेटरात आली हुती. तुमच्या रुमालावर. निम्म्यातनं उठून भायेर बसली.” मी गादीवरच होतो. तोंड उघडायला तेवढी एक वेळ होती... यासीन सुईत दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, “चुकलं माझं, संभाजी. मोजायला चुकलो.” संभाजी मान हलवून गेला. बरेच दिवस दारात दुचाक्या कमी दिसायच्या. आणि त्या दिवसापासून यासीनच्या अंगावर नमाजाला जातानासुद्धा जाकीट असायचं.

मला हवालदार मिळाला. शिरवळजवळ हायवेच्या कडेला एका धाब्यावर चित्रीकरण होतं. “साहेब, तो पळाला” एवढंच बोलायचं. प्रत्येक वेळी मी ते साहेबाला सोडून कॅमेऱ्याला सांगितलं. नऊ वेळा झाल्यावर दिग्दर्शकानं वाक्य काढून घेतलं, अकराव्यांदा जीपच्या मागे उभं केलं. हे सगळं मी यासीनला रंगवून सांगितलं, तो पोट धरून हसला, आणि मी मनात ठरवलं की आज सांगून टाकावं. नाही सांगितलं. असं मी दोन वर्षं ठरवत होतो. सोमवारच्या गाडीत बसलो की कराडपर्यंत सगळं जुळवलेलं असायचं, इस्लामपूर मागं पडलं की वाटायचं, पाहुणा येणार आहे, आज नको. कधी पाहुणा नसला तर वाटायचं, आज त्याचा मूड चांगला आहे, कशाला.

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तो जायच्या आदल्या दिवशी, मी फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता. सिनेमा बघून आलो म्हणाला. मी विचारलं, किती?

“सोमवारी. कॅमेऱ्याम्होरं.”

“अरे, माझ्यापुरतं तरी सांग.”

“तुझ्यापुरतं काय असतंय रं, सातारकर? सगळ्यांचंच असतंय.” मग म्हणाला, “आन् जरा लवकर ये. एक बोलायचं हाय.”

मी म्हटलं, मलाही. त्या सोमवारी खरोखर सांगणार होतो. आता हे कुणाला पटवून सांगू?

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जायचं ते कळेना. सोमवार आला की हात सवयीनं पिशवी भरायचे. दोनदा स्टँडवर जाऊन परत आलो. बायको म्हणाली, सांगलीला जाऊन तरी या. काय म्हणून जाऊ? एकच गोष्ट डोक्यात फिरत राहायची, की त्याला काय बोलायचं होतं. तो विचारणार होता की सुनावणार होता की दुसरंच काही, गादीच्या खोळीचं कापड वगैरे... यासीनचा काही नेम नव्हता.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी सांगलीला गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली, तेव्हा यासीनची बायको, जैनबभाभी, आतून आल्या. हातात घडी न घातलेला रुमाल. म्हणाल्या, “शनवारी ह्येंच्या अंगावर जे जाकीट हुतं, त्याच्यात गावला. धुतला न्हाई, भावजी. तुमच्या कामातला हाय म्हटलं.” मी तिथंच, त्यांच्यासमोर, निर्लज्जासारखा गाठी मोजायला लागलो. तीन. माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगतो. माझा सिनेमा तीन गाठींचा. म्हातारीकोतारीला न्यायचा. आणि मग बोट पुढं सरकलं. पुढं चुण्या होत्या. एक, दोन, तीन, चार. गाठ घट्ट बसून सुटली की कापडावर उरतात तशा.

भाभींना वाटलं मी रडू आवरतोय. सांगायला लागल्या, “थेटरातनं आले, च्या घेतला आन् सोडाय बसले. म्हटलं आवं, त्या तर धुताना मी सोडतीच की. तर म्हणाले, सगळ्या न्हाई सोडत. चारच.”

चार. हा आकडा मी आजवर कुणाला सांगितलेला नव्हता. बायकोलाही नाही. खिळ्यावरच्या जाकिटासमोर उभं राहून, दात लावून, मी चारच सोडवल्या होत्या, आणि त्यानं त्या तेव्हाच मोजल्या होत्या. सोमवारी कॅमेऱ्यासमोर रुमाल उचलून, ‘तीन’ म्हणून, तो माझ्याकडे त्याच दोन सेकंदांसाठी बघणार होता का? आपली जुनी थट्टा, उसनं परत? की आयुष्यात एकदाच, माझ्यासाठी, स्वतःच्या हातानं खोटं बोलायचं त्यानं ठरवलं होतं? एक धरलं की दुसरं खरं वाटतं. रात्री एक, सकाळी दुसरं. त्याला विचारता आलं असतं तर तो म्हणाला असता, तुला काय वाटतंय ते धर. त्यामुळे विचारता येत नाही यात फारसा फरक पडलेला नाही, असं मी स्वतःला सांगून बघतो. पटत नाही.

गेल्या सोमवारी मात्र स्टँडवरून परत फिरलो नाही. सांगलीला गेलो, तिथून कुपवाडला. संभाजी काम करत होता. तोंडावरची ढाल वर करून त्यानं मला ओळखलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जाकीट, दात, भडंग, काही ठेवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “मग मी दारात हुतो तवा का न्हाई बोलला?” मी काही म्हणेपर्यंत त्यानं ढाल खाली घेतली होती आणि ठिणग्या उडायला लागल्या होत्या.

म्हणून आता दारात येतील न येतील त्या सगळ्यांसाठी लिहितो. दोन वर्षांपूर्वीचा तो सिनेमा सात गाठींचा होता. यासीन मोजायला चुकला नव्हता, तो कधीच चुकत नसे. आणि हा नवा, ज्यात मी जीपच्या मागे आहे, तोही सातच गाठींचा आहे. जाऊ नका.

रुमाल आता माझ्या शर्टाच्या खिशात असतो. लाल डाग असलेला तो रुमाल हा नव्हे, हा स्वच्छ आहे. घरी आल्यावर त्या चार चुण्यांवर मी परत गाठी मारल्या, जिथल्या तिथं, सात पुऱ्या केल्या. त्याच्या तीन अजून दगडासारख्या घट्ट आहेत. माझ्या चार चालता चालता सैल होतात, स्टँडपर्यंत एखादी सुटलेली असते. सुटली की मी तिथंच थांबून परत मारतो.