तांब्याची घागर आणि धामापूरची चढण

सहदेवने बायकोच्या माहेरची तांब्याची घागर पेट्रोलची टाकी म्हणून गाडीत बसवली, त्याच दिवशी मथुरा धामापूरला बापाकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "ती घागर गाडयेत घालून माझ्या बापाशीच्या खळ्यात घेवन येवा. तवसर मी येवचंय नाय."

सहदेव मालवण बंदरात लाँचच्या इंजिनांचा फिटर. भंगारातला मोटारीचा सांगाडा त्याने दोन वर्षं घासून, ठोकून उभा केला होता. इंजिन म्हातारं, चढाला धापा टाकणारं. त्याला जादा हवा पाजावी म्हणून त्याने लोहाराच्या भट्टीचा पंखा आणला, पट्ट्याने इंजिनाला जोडला आणि त्याचं तोंड कार्बुरेटरवर बसवलं. पंखा घुमला, तसं इंजिन जास्तच खोकायला लागलं.

"सहदेवा, म्हाताऱ्याक वारो बाधलो रे!" लाँचचा तांडेल भाई ओरडला.

खोट साधी होती. कार्बुरेटरच्या नळीत हवा दाबाने शिरायची, शेजारच्या पेट्रोलच्या वाटीवर मात्र बाहेरचीच हवा. पेट्रोल वर येईना. सहदेवने पंख्यापासून वाटीच्या झाकणाला बारीक नळी दिली. मग तोच दाब घागरीतून येणाऱ्या पेट्रोलला अडवू लागला. म्हणून दुसरी नळी घागरीत सोडली आणि घागरीचं तोंड ट्यूबच्या रबराने आवळलं. तिन्हीकडे दाब सारखा झाला आणि सीटमागच्या उंच फळीवरून पेट्रोल आपल्या वजनाने उतरू लागलं. सांगायला सोपं आहे. नळ्या वाकवण्यात आणि गळती बुजवण्यात सगळा पावसाळा गेला.

दिवाळी झाल्यावर गाडी धामापूरला पोचली. चढणीच्या पायथ्याशी सासरा विठोबा नारळ घेऊन आडवा उभा. मागे अर्धी वाडी, आणि पदर खोचून मथुरा.

"जावयबापू, गाराण्याशिवाय चड चडूची नाय."

"मामानू, आवरता घेवा. इंजिन चालू आसा."

"मगे बंद कर."

"आणि परत हँडल तुमी मारतल्यात?"

देवाला साकडं घालायला विठोबाने डोळे मिटले. लेक आल्यापासून त्याला दोन्ही वेळ गरम जेवण मिळत होतं. ते असं सहज सोडायचं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! आज हो जावय चाकांच्या पेटाऱ्यात बसान इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

दर वाक्यामागे वाडीचा असा होकार. सगळी दैवतं झाली, पूर्वज झाले, मग एकेक चाक झालं. इंजिन पेट्रोल पीत उभं.

"ह्या पेटाऱ्याच्या पोटात जी धडधड आसा, ती शांत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. सहदेवने गाडी दामटली. पंखा घुमला, लोक बाजूला झाले आणि निम्म्या चढावर इंजिन गपकन बंद पडलं.

"देवान आयकला!" विठोबा म्हणाला. वाडी खो खो हसली.

सहदेव खाली उतरून नळ्या चाचपू लागला. नळ्यांत दोष नव्हता. एवढा खटाटोप, वरचं खळं पन्नास पावलांवर, आणि बायको माहेरीच राहणार. तेवढ्यात मथुरा चढून आली. तिने घागरीवर बोटाने टिचकी मारली आणि कान दिला.

"अर्ध्याच्या खाली गेला पेट्रोल. घागर फाटी, इंजिन फुडे. ह्या चढार घागर खाली पडली आणि इंजिन वर. खालचा वर कसा येतला?"

"मगे काय करू?"

"गाडी फिरवा. उलटी चढवा."

सहदेवने ब्रेक सोडून गाडी पायथ्याशी घरंगळत नेली. माणसांनी ढकलून ती फिरवली. हँडल मारून त्याचे खांदे भरून आले, तेव्हा कुठे इंजिन लागलं. मथुरा शेजारी चढून मागे तोंड करून बसली.

"उजवीकडे घेवा. तुमची उजवी, माझी नाय!"

रिव्हर्स गिअरमध्ये गाडी किंचाळत चढली आणि शेपटीच्या बाजूने थेट विठोबाच्या खळ्यात, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांवर जाऊन थांबली.

विठोबा धापा टाकत मागून आला. "ह्या काय येणा झाला? तोंड खंय, शेपूट खंय!"

"मी घागर म्हटलंय होतंय, बाबा," मथुरा म्हणाली. "घागरच पयली इली."

ती घरात गेली आणि लगेच गाठोडं घेऊन बाहेर आली. ते बांधलेलंच होतं. दुसऱ्या हातात विठोबाच्या न्हाणीतली घागर.

"हिका हात लावशात तर बघा," तिने नवऱ्याला बजावलं आणि ती मांडीवर घेऊन गाडीत बसली.

"मथुरा, आणि माझ्या रातच्या जेवणाचा काय गो?"

"गाराणा घाला, बाबा."