उसवलेली ओळ

तिचं खरं नाव विचारलंत तर गल्लीतले लोक डोकं खाजवतील. टाकेबाई म्हटलं की शेंबडं पोरही दार दाखवेल. पडद्यांपासून गणवेशांपर्यंत सगळं शिवायची, आणि तोंडानेही टाके घालायची. नवरा गेल्यावर त्या मशीनच्या जोरावरच तिने एकुलती लेक वाढवली, उजवली.

गावाच्या कडेला शेतं, झाडं आणि एक ओढा असा हिरवा पट्टा होता. तिथे घरं बांधायचा आराखडा आला तेव्हा सगळ्यांच्या आधी कंबर कसली ती टाकेबाईने. मोठा फलक शिवला. रंगाची अक्षरं पावसात ओघळतात, म्हणून पांढऱ्या कापडाची अक्षरं कापून हिरव्या कापडावर शिवली: ‘हिरवा पट्टा वाचवा.’ खाली दुसरी ओळ: ‘घरं जुन्या कारखान्याच्या जागेवर बांधा.’ बॅटऱ्यांचा तो कारखाना कधीचाच बंद पडलेला. ओसाड जागा, कुणाच्या बापाचं काय जातंय? फलक उन्हाळाभर चौकात लटकत राहिला.

मग भाड्याची जागा सुटली म्हणून लेक-जावई तिच्याकडे राहायला आले. लेकीला दिवस गेलेले. मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी दोघांचा बिछाना. नगरपालिकेच्या नव्या घरांत त्यांचा नंबर लागला होता. घरं कुठे होणार, एवढंच सुनावणीत ठरायचं होतं.

आदल्या संध्याकाळी लेक बटणं लावता लावता म्हणाली, “आई, त्या कारखान्याच्या मातीत शिसं आहे म्हणे.”

“म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार?”

“म्हणणारी तूच होतीस. आमचा चेंडू तिकडे गेला तर आणू द्यायची नाहीस.”

टाकेबाईने ओठांतली टाचणी काढून कापडात खोचली.

“उद्या तुमचं ऐकलं तर माझं बाळ तिथेच रांगणार. पत्ता तूच लिहून दिलायस, चांगला मोठ्या अक्षरांत.”

त्यानंतर टाकेबाईला घास गोड लागला नाही. सकाळी तिने फलक उतरवला आणि ब्लेड घेऊन दुसरी ओळ उसवून टाकली. घाईत दोनदा कापडच फाटायचं राहिलं. वेळ झाली म्हणून फलक तसाच गुंडाळून ती सभागृहात पोचली.

तिथे चौघांनी फलक उलगडला आणि हशा पिकला. उन्हाने कापड विटलं होतं, पण अक्षरांखालचा रंग तसाच गडद राहिला होता. उसवलेली ओळ पहिलीपेक्षाही ठसठशीत दिसत होती.

“टाकेबाई, कापड उन्हात विटतं हे आता मी शिकवायचं का तुम्हाला?” पट्टा वाचवणाऱ्यांचे पुढारी, निवृत्त मास्तर, कानाशी येऊन कुजबुजले. “आता गप्प बसा. दुसरी जागा दाखवली नाही तर पट्टा हातचा जाईल.”

समोरच्या अधिकाऱ्याने चष्मा वर केला. “ही ओळ मागे घेतली, असं समजायचं का?”

टाकेबाई उभी राहिली.

“साहेब, शिवली तेव्हा वाटलं, तिथे कुणाची तरी घरं होतील. माझ्या लेकीचं होईल, हे डोक्यातच आलं नाही. आधी माती तपासा, साफ करा. तोवर तिथे कुणाचंच घर नको.”

“आणि तोवर पट्ट्यात चालतील?”

तिने मास्तरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

“नको,” ती म्हणाली, पण आवाज निम्माच निघाला.

“नोंद घेतली. निर्णय कळवू.”

परतताना मास्तर चार पावलं पुढेच चालले. एरवी तिची पिशवी धरायचे.

लेक दारातच उभी होती. “काय झालं गं?”

“काही नाही ठरलं.”

लेकीने उंबऱ्यावर बसून फलक मांडीवर पसरला, सुईच्या भोकांवरून बोट फिरवलं. “मातीचं होईपर्यंत आम्ही मागच्या खोलीतच?”

“अडचण होते का माझी?”

“तुझी नाही. गठ्ठ्यांची.”

टाकेबाईने एक गठ्ठा उचलून मशीनखाली सरकवला. मग दुसरा. तिसऱ्याला जागाच उरली नाही. तो हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.