पळसाची फांदी

आमच्या शेजारचे कारकून धुळ्याच्या गजबजाटाला कंटाळून दर रविवारी लळिंगच्या जंगलात जात. जाताना ट्रान्झिस्टर, पत्ते आणि कचेरीतल्या बठ्ठ्या, अगदी झाडून सगळ्या चहाड्या बरोबर नेत. माघात माझी पत्नी गेली, तेव्हा म्हणाले, "चला मास्तर, मन मोकळं होईल."

मी गेलो तो तिथल्या एका पळसासाठी. तो फुलला की आम्ही दोघे दरवर्षी पाहायला जायचो. भरिताची वांगी भाजायला कपाशीच्या वाळल्या काड्या आणायला हे गृहस्थ विसरले होते. त्यांनी त्याच पळसाची कळ्यांनी लगडलेली फांदी मोडून पेटवली. ती नुसतीच धुमसत राहिली.

"या जंगलात काही राम नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "धूर झोंबला का हो?"

मी हो म्हटले. त्यांना कळण्यासारखे तेवढेच होते.