फरशीवरची ओल

“‘फरशीवर ओल दिसून आली, जणू कोणीतरी नुकतेच काहीतरी पुसून काढले असावे.’ काय पुसून काढलं, जमादार?”

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा चालू होता, एवढंच त्या क्षणी मला खात्रीनं सांगता आलं असतं.

पंचनामा माझ्या हातचा होता. अक्षर सुंदर, समास सोडलेला, खाली दोन पंचांच्या सह्या. ठाणेदार साहेब पुण्याकडचे, नवीन, वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांनी तो तीनदा वाचला होता आणि त्यावरून एका बाईला खुनाच्या गुन्ह्यात अटक करावी, अशा मताला ते येत चालले होते.

बाईचं नाव वंदना. नवरा विलास टेलर. मानोऱ्याच्या रस्त्यावर एक गाव आहे, नाव नाही सांगत, त्या गावात त्याचं घरातच शिवणकाम चाले. मे महिन्यातल्या एका दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वंदना शिवलेली ब्लाउजं घरोघरी पोचवून परत आली, तर विलास पुढच्या खोलीत फरशीवर पडलेला. अंगावर जखम नाही, खरचटलेलं नाही. वय बेचाळीस. गडी मेलेला.

कोणी अचानक मेलं आणि कारण कळत नसलं की आमच्याकडे आधी ‘मर्ग’ दाखल होतो. गुन्हा नव्हे, नुसती नोंद, चौकशी बाकी. मग जागेचा पंचनामा. गावातले दोन भले लोक पंच म्हणून सोबत घ्यायचे, जे दिसतं ते लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं, सह्या घ्यायच्या. ‘जे दिसतं ते’ हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या आठवड्यात मी बहुतेक दवाखान्यात होतो.

कारण मला एक व्यसन होतं. दारू नाही, खर्रा नाही. भयकथा. वाशीमच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेल्या. बंदोबस्तात, कोर्टाच्या व्हरांड्यात, साक्षीला नाव पुकारेपर्यंत मी त्याच वाचायचो. नुसत्या वाचून थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी वहीत शब्द उतरवून ठेवायचो. भयाण. भेसूर. गूढ. थिजलेला. कुबट. ‘अभद्र’ हा माझा फार लाडका शब्द, पण सरकारी कागदात त्याला कुठं जागा मिळाली नाही. बाकीच्यांना मिळाली. आधीचे एक ठाणेदार तर म्हणायचे, “जमादार, तुमचा पंचनामा वाचला की अंगावर काटा येते राजेहो.” माणूस वाया जायला एवढं पुरतं.

तर विलास टेलरच्या घरात मी शिरलो तो दुपारी एकच्या सुमाराला. लाइन, म्हणजे वीज, गेलेली. खोलीत शिलाई मशीन, कपड्यांचे ढीग, आणि कोपऱ्यात कपडे अडकवायचा पुतळा. डोकं नसलेला. मी दारातच थबकलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पुतळा माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

भयकथा लिहिणाऱ्यांचे काही ठरलेले डाव असतात. पहिला वातावरणाचा. भूत नंतर येतं, आधी खोली आजारी पाडायची. मी लिहिलं, ‘खोलीत भयाण शांतता पसरलेली होती. कोपऱ्यात एक शिरविहीन आकृती उभी होती.’ पुतळा हा शब्द मी पुढच्या पानावर टाकला.

दुसरा डाव चाहुलीचा. पुढं काहीतरी वाईट कळणार आहे असं आधीच सुचवून ठेवायचं. त्यासाठी मला फरशीवरची ओल सापडली. तिसरा डाव हुलकावणीचा, म्हणजे वाचणाऱ्याला भलत्याच वाटेनं पाठवायचं. ओट्यावर चहाचे दोन कप होते, सकाळचे. मी लिहिलं, ‘एक कप रिता, दुसरा मात्र अर्धाच प्यालेला.’ तो ‘मात्र’ माझा. कपात मात्र वगैरे काही नव्हतं, गार झालेला चहा होता.

पंचांमध्ये एक सत्तारभाई होते, गावातले कापड दुकानवाले. विलासला अस्तर आणि बुकरम तेच पुरवायचे. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या दंडांवरून फिरवले. मग म्हणाले, “जमादार, लिवलं तं जबरदस्त. पन कूलर राह्यला. अन् ते बाल्टी पडून हाये, ते बी राह्यली.”

कूलर होता. पत्र्याचा मोठा, खिडकीला लावलेला. त्याच्यासमोर निळी प्लास्टिकची बादली आडवी पडलेली होती. पण तुम्हीच सांगा, शिरविहीन आकृतीच्या शेजारी बादली कशी लिहायची? सगळी कथाच बसते. मी सत्तारभाईंना सांगितलं की फालतू सामान लिहीत बसलो तर मयत घरातच राहील. मयत हलवायची घाई सगळ्यांनाच होती. त्यांनी सही केली. आम्ही खोलीला कुलूप घातलं, सील लावलं आणि निघालो.

भयकथेतला चौथा डाव सगळ्यात मोठा. लिहिणाऱ्याला खरी गोष्ट माहीत असते आणि तो ती शेवटापर्यंत दडवतो. मीही दडवली. फरक एवढाच की मला ती माहीत नव्हती.

डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, पण त्यांना ठाम कारण सापडेना. त्यांनी अंतिम मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा लॅबला पाठवला. व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे, विष आहे का ते तपासायला. तो रिपोर्ट यायला महिने लागतात. तोवर केसमध्ये वाचण्यासारखं एकच काही होतं. माझा पंचनामा.

आणि तो वाचला गेला. हे साहेबांना मी कधीच सांगितलं नाही, आता रिटायर झालो म्हणून सांगतो. त्याच संध्याकाळी मी दोन्ही पानांचा फोटो काढून एका साहित्यप्रेमी मास्तर मित्राला पाठवला होता, दाद मिळावी म्हणून. दाद आली. “व्वा. शेवट काय?” असं त्यानं विचारलं. चार दिवसांत ती पानं गावातल्या प्रत्येक फोनवर होती.

विलासचा धाकटा भाऊ गजानन ठाण्यात आला. भाऊ गेलेला, डोळे सुजलेले, हातात मोबाइल. त्याचं म्हणणं सरळ होतं. दोन कप कोणाचे? अर्धा चहा काहून राह्यला? पुसलं काय? वहिनीनं चहात घातलं आणि पुसून घेतलं. मला त्याचा राग आला नाही. मी वाचक असतो तर मीही तिथंच पोचलो असतो. त्याच वाटेनं त्याला मी पाठवलं होतं.

तीन आठवडे वंदनाला दर दोन दिवसांनी ठाण्यात बोलावणं होतं. ती एसटीनं यायची, बाकावर बसायची, तीच उत्तरं द्यायची. चहा सकाळचा होता. ते अर्धाच पीत, त्यांना ॲसिडिटी होती. तिनं काही पुसलं नव्हतं. घर सील, म्हणून ती गावातच चुलत सासूकडं पडवीत राहत होती. तिथंही तिच्या हातचा चहा कोणी घेईना. एकदा ती मला म्हणाली, “जमादार, तुमी लिवलं ते मी बी वाचलं. वाचता वाचता मलेच वाटलं का मीच काई केलं असंन.”

मी म्हणालो, चौकशी चालू आहे. हे वाक्य आमच्या खात्यात सगळ्यालाच चालतं.

त्यातच गावात नवीन गोष्ट उठली. सील केलेल्या खोलीत विलासची मशीन चालते. भर दुपारी. खडखड, खडखड, मग एकदम बंद. दोन-तीन जणांनी ऐकलं होतं, त्यातला एक तर सरपंचाचा सख्खा चुलता. मला काय वाटलं असेल? खरं सांगतो, आनंद झाला. मी वही काढून ‘अदृश्य हातांनी’ हे शब्द टिपून घेतले.

आणि मग आला तो दिवस, ज्यापासून मी सुरुवात केली. साहेबांनी काय पुसलं म्हणून विचारलं आणि मला उत्तर देणं भाग पडलं. कारण उत्तर दिलं नाही तर संध्याकाळपर्यंत बाई आत जाणार होती. निवृत्तीला माझे अकरा महिने राहिले होते.

“काही पुसलं नव्हतं, साहेब,” मी म्हणालो. “फरशी ओली होती. बाकीचं मी घातलं.”

“घातलं म्हणजे?”

“सुचलं म्हणून लिहिलं.”

 साहेबांनी लाल पेन घेतलं आणि पंचनाम्याच्या झेरॉक्सवर मी काय पाहिलं आणि मला काय सुचलं ते वेगळं करायला लावलं. अधोरेखित करता करता पेन दोन्ही पानांवर फिरत राहिलं. शेवटी जे उरलं त्यात मशीन, पुतळा, दोन कप आणि ओली फरशी होती. साहेब म्हणाले, “ओल कुठून आली?” मी म्हणालो, “समोर बादली होती. कूलर होता.” आणि बोलता बोलताच सत्तारभाईंचं वाक्य मला आठवलं.

साहेबांनी मशीनची अफवा ऐकली होती. त्यांनी एकच विचारलं, “तो आवाज लाइन असतानाच येतो का?”

दुपारी आम्ही गावात गेलो. सोबत वीज कंपनीचा माणूस आणि पंच म्हणून पुन्हा सत्तारभाई. कूलरचा आवाज बाहेरूनच ऐकू येत होता. कूलरची आमच्या वऱ्हाडात काय नवलाई, तान्ह्या पोरांची झोप त्याच्यावर लागते. पण गावाला काय ऐकायचं ते आधीच वाचायला मिळालं होतं. आम्ही पंचनामा केला तेव्हा लाइन नव्हती, म्हणून कूलर बंद होता आणि त्याचं बटन कोणी पाहिलं नाही. चालूच राहिलं. तीन आठवडे तो कोरडा कूलर लाइन आली की फिरत होता, गेली की थांबत होता. माझी भयाण शांतता ती तेवढीच.

वीजवाल्यानं सगळ्यांना मागं सरकवलं आणि पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला. आत पंपाची वायर पत्र्यावर घासून सोलली गेली होती. विलास अनवाणी बादलीनं पाणी टाकायला गेला, पाणी सांडलं, आणि पत्र्याला हात लागला. ओल्या अंगाला झटका बसला तर भाजल्याची खूण नेहमी राहतेच असं नाही, असं डॉक्टरांनी नंतर लिहून दिलं. मी पहिल्या दिवशी बादली आणि कूलर लिहिले असते, तर हे त्यांनी तेव्हाच विचारात घेतलं असतं.

सत्तारभाई माझ्या जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, “म्या सांगतलं होतं ना, जमादार.” टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच जास्त लागलं.

पुरवणी पंचनामा मी लिहिला. त्यात एकही विशेषण नाही. कूलर पत्र्याचा, बटन चालू स्थितीत. बादली प्लास्टिकची, निळी. मृतकाची पत्नी घटनेच्या वेळी घरी नव्हती, ज्यांच्याकडे ब्लाउज दिले त्या तीन बायकांचे जबाब सोबत जोडले. पुढं लॅबचा रिपोर्ट आला, विष नाही. मर्ग बंद झाला. मला सक्त ताकीद मिळाली आणि ती मला कमीच वाटली.

वंदनानं एकच मागितलं. “पयले कागद साऱ्या गावानं वाचले. हे बी वाचून दाखवा.”

साहेबांनी परवानगी दिली. मी ग्रामपंचायतीत गेलो. सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. गजानन भिंतीला टेकून उभा होता. मी वाचायला लागलो. खोलीची लांबी, रुंदी. खिडकीची दिशा. वायरची जाडी. दुसऱ्या परिच्छेदाला मागची रांग उठली. पान उलटलं तेव्हा कोणाला तरी दूध काढायची आठवण झाली. गजानन कधी गेला ते दिसलं नाही. संपलं तेव्हा समोर सत्तारभाई, पंचायतीचा शिपाई आणि वंदना.

ती म्हणाली, “मी घरी नवती, ते लिवलं ना? ते पुन्हा एकदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. तिनं मान हलवली आणि पदर सावरून उठली.

पावसाळा सरता सरता तिनं मशीन उचलली आणि भावाकडं रिसोडला गेली. गावात तिच्याकडं कोणी कापड टाकेना. शिवायला दिलेल्या कापडाचं भय काय असतं, विचारू नका, मला माहीत नाही.

त्या गावावरून अजून जाणं होतं. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी ओळखतोच. जवळ सरकतो, विचारतो, “जमादार, त्या टेलरचं काय झालं होतं?” मी सांगतो, करंट लागला. तो हसतो. “ते झालं कागदावरचं. खरं सांगा ना.”

खात्यातली नवी पोरं कधी भेटली, पंचनामा कसा लिहायचा विचारलं, तर मी एवढंच सांगतो. लिहून झाला की पंचांना वाचून दाखवा. त्यांना जांभई आली तर सही घ्या. कान टवकारले तर फाडा.