साडेतीनशे रियालचा दस्ता

सौदीत खमीस मुशैतमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं सुतारकाम करतो आहे. कफीलचा, म्हणजे मला इथे आणणाऱ्या मालकाचा, धाकटा भाऊ मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही, आणि त्यालाही मी आवडत नाही. अडचण एवढीच की कामगारांच्या सुट्ट्या तोच मंजूर करतो. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीचा निकाह चिपळूणला ठरला. त्याला सतरा दिवस राहिले होते आणि तीस दिवसांच्या सुट्टीचा माझा अर्ज त्याच्या मोबाइलमध्ये तसाच पडून होता.

अशात एका दुपारी तो त्याची शिकारीची रायफल घेऊन आला. बोल्ट मागेपुढे सरकवून गोळी भरायची, तसली. तिचा लाकडी दस्ता मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, चिरला होता. बदली म्हणून त्याने ऑनलाइन काळा प्लास्टिकचा दस्ता मागवला होता. साडेतीनशे रियाल, घरपोच.

"मुअल्लिम, अर्ध्या तासाचं काम आहे. ठेवून जातो." कारागिराला इथे मुअल्लिम म्हणतात.

"ठेवू नका," मी म्हटलं. "परवाना तुमच्या नावावर आहे. मी परदेशी माणूस. पोलीस आले तर मी काय सांगू?"

"पोलीस माझे मामेभाऊ आहेत."

"माझे नाहीत."

त्याने खिशातून मोबाइल काढला, माझा अर्ज उघडून माझ्यासमोर धरला आणि पुन्हा खिशात टाकला. पण हत्यार माझ्या बाकावर एक मिनिटही एकटं राहणार नाही, हे मी पुन्हा सांगितलं. आधी परवाना दाखवा, बोल्ट काढून स्वतःच्या खिशात ठेवा, मग मी हात लावतो. त्याने ते केलं. करताना मला गाढव म्हणाला. तेवढं अरबी मला येतं.

जुना दस्ता काढून रायफल नव्यात बसवली. नळी दस्त्याला कुठे टेकता कामा नये. दोघांच्या मधून कागद सरकला पाहिजे. डावीकडे पावणेदोन मिलिमीटर फट होती, उजवीकडे कागदही जाईना. नळी प्लास्टिकला घासत होती.

"कंपनीने लिहिलंय, थेट बसतो," तो म्हणाला.

"कंपनीने मोजलेलं नाही. मी मोजलंय. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस रोज मी इथे बसू?"

"नको. रायफल घरी न्या. दस्ता फक्त ठेवून जा."

त्याच्यासमोर मी व्हर्नियरने नळीचा व्यास सात ठिकाणी मोजला आणि स्क्रूच्या भोकापासूनची अंतरं लिहून घेतली. त्या आकड्यांवरून लेथवर सागवानाची तशीच नळी काढली. तिला खोबरेलात कालवलेली काजळी लावायची, दस्त्यात दाबायची आणि प्लास्टिकवर जिथे काळा चकचकीत डाग उठेल तेवढंच पॉलिश पेपरने घासायचं. चौकटीत दार बसवताना आमच्याकडे असंच करतात. बावीस वेळा दाबली, बावीस वेळा पुसली. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो रायफल घेऊन आला. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला.

"अर्ध्या तासाचं काम, आणि दोन दिवस," तो म्हणाला आणि निघाला.

इथे मी एक चूक केली, आणि ती मुद्दाम केली. माझ्या मामूकडे गावी रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती. दस्ता बदलला की तो आधी करवंटीवर बार काढून नेम कुठे सरकला ते बघायचा. नवा दस्ता म्हणजे रायफलवरची नेमाची दुर्बीण नव्याने जुळवावी लागणार, हे मला ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाढव काय सांगणार?

शुक्रवारी त्याने पाहुण्यांना शेतावर नेलं. शनिवारी सकाळी तो सगळ्या कामगारांसमोर माझ्यावर ओरडत आला. "वाट लावलीस! पाच गोळ्या, पाचही डावीकडे! लोक हसले मला!"

"पाचही एकाच ठिकाणी?"

"एवढ्याशा जागेत!" त्याने हाताचा तळवा दाखवला.

"म्हणजे रायफल ठीक आहे. दुर्बीण जुळवा."

"हे तुला गुरुवारी माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. मी "हो" म्हटलं.

त्याने मोबाइल काढून उभ्याउभ्याच काहीतरी दाबलं. माझ्या फोनवर मेसेज आला. सुट्टी मंजूर, दिवस दहा.

"तीस मागितले होते," मी म्हटलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "खलास."

निकाह होता सुट्टीच्या चौथ्या दिवशी. त्यानंतर मुलगी सासरहून पहिल्यांदा माहेरी आली ती बाराव्या दिवशी, माझी सुट्टी संपल्यावर. त्या दिवशी मी खमीसमध्ये एका कपाटाची दारं बसवत होतो. बायकोने व्हिडिओ कॉल लावला होता. मी उचलला नाही. कफीलचा भाऊ समोरच उभा होता.