शेजारचा पोपट वेडावतो

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, तेव्हा मी त्यांना साताऱ्याहून चेन्नईला, माझ्या सिरुसेरीच्या फ्लॅटवर आणलं. सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका, सतत बोलायला लावा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण इथली स्पीच थेरपिस्ट तमिळ आणि इंग्रजीत शिकवणार, आणि जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला हा माणूस तिच्यापुढे ओठ घट्ट मिटून बसणार. शेवटी ते काम मीच अंगावर घेतलं. सकाळी ऑफिसच्या मीटिंगा सुरू होण्याआधी बाल्कनीत बसायचं आणि त्यांच्याकडून "पाणी" म्हणवून घ्यायचं. बाबा घामाघूम होईपर्यंत झटायचे. बाहेर पडायचं ते एवढंच, "प्प... प्पा... आ."

शेजारी एक तमिळ बाई राहत, सगळे त्यांना मामी म्हणत; त्यांच्या बाल्कनीत एक राखाडी पोपट होता. मामी दिवसभर त्याला "वा, वा" म्हणत. तमिळमध्ये 'वा' म्हणजे ये. पोपटानेही तेच उचललं होतं. एकदा बाबांचं "प्पा" निघालं आणि पलीकडून लगेच आलं, "वा! वा!" बाबांनी मान वळवली. तोंडाची जी बाजू हलत होती, तिने ते हसले. त्यांना वाटलं, आपल्याला दाद मिळाली.

मी खरा अर्थ सांगितला नाही. सांगायला मला काय वेड लागलं होतं? पुढचे तीन आठवडे बाबा त्या दादेसाठी जीव तोडून मेहनत करत होते. माझ्यासाठी त्यांनी एवढं कधी केलं नव्हतं. खरं सांगते, मला त्या पोपटाचा हेवा वाटायचा.

मग एका सकाळी 'वा' आलंच नाही. पलीकडून आलं, "प्प... प्पा... आ." हुबेहूब, मध्ये अडकलेल्या श्वासासकट. बाबांचा चेहरा पडला. त्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडणं सोडून दिलं. दिवस भराभर हातातून चालले होते आणि ते भिंतीकडे बघत बसायचे.

मी मामींकडे गेले ती भांडायलाच. तुमचा पोपट माझ्या वडिलांना वेडावतो, म्हणाले. मामी कळवळल्या.

"अय्यो, नाही मा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्याला स्वतःचा थवा कुठे आहे? ज्यांचा आवाज कानावर पडतो, तोच त्याचा थवा. त्यांच्यासारखं बोललं की ते उत्तर देतात, जवळ येतात. तुझे अप्पा त्याला आपले वाटले, म्हणून त्याने त्यांचं बोलणं शिकून घेतलं."

मी धावत घरी आले. बाबांच्या पायाशी बसले.

"बाबा, तो वेडावत नाहीये हो! त्याने तुम्हाला आपल्यात घेतलंय. तुमच्याशी बोलायचंय त्याला."

ते भिंतीकडेच बघत राहिले. माझा धीर सुटला. मी त्यांचे गुडघे धरून हलवायला लागले. "म्हणा ना. एकदाच. पाणी. असं बघा, प्प... प्पा..."

आणि ते तसंच निघालं माझ्या तोंडून, त्यांच्यासारखं तुटत, अडकत. मी काय करतेय ते मला कळलंच नाही. ते माझ्या जवळ यावेत, एवढंच मला हवं होतं.

बाबांनी माझं मनगट पकडलं.

"पुरे," ते म्हणाले.

अगदी स्पष्ट, एका दमात. इतक्या महिन्यांतला त्यांचा पहिला शब्द. आनंद करावा की तोंड लपवावं ते मला समजेना, आणि मी तिथेच फरशीवर बसून रडत राहिले.