तिरक्या इंग्रजीची पेटी

उमरीच्या स्टँडवर दादांनी, माझ्या वडिलांनी, आमच्या प्रेसमधली छपाईच्या शिशाच्या खिळ्यांची पेटी यष्टीत चढवली आणि गाडी तिथंच एका अंगाला बसली. "आतमधी मुडदा हाय का?" कंडक्टरनं विचारलं. "तिरकी इंग्रजी हाय. पोराला आन् तिला सांभाळून ने," दादा म्हणाले. नांदेड गेलं, लोहा गेलं, लातूर आलं; गाडी काही सरळ झाली नाही.

उमरीत राहिलेल्यांना ती पेटी आठवत असेल. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढं कंसात डिग्री छापायला दादांनी ती हैदराबादहून आणली. डिग्रीवाला नवरदेव तेव्हा आमच्याकडं कंदील घेऊन शोधावा लागे. पण दादा म्हणायचे, "आपल्या घरातला पहिला बी.ए. ह्याच अक्षरात छापीन."

अक्षर होतंच तसं. जाड-बारीक रेघा, पायाशी नखाएवढी वळणं, सगळी उजवीकडं कललेली, वाऱ्यातल्या ज्वारीसारखी. एफचं शेपूट खिळ्याबाहेर लटकायचं, जवळ कुणी शिंकलं तरी मोडायचं. त्या पत्रिका वाचून अर्ध्या उमरीच्या माना उजवीकडं गेल्या. न्हावी खुर्चीच तिरकी मांडून दाढ्या करायचा.

बहात्तरच्या दुष्काळात रानात ज्वारी नव्हती, कललेली होती ती फक्त पेटीतली अक्षरं. माणसं खडी फोडायला गेली, पत्रिका कोण छापणार? पुढं पाऊस परतला. पत्रिका मात्र नांदेडच्या प्रेसकडं गेल्या त्या गेल्याच. मग लातूर जिल्हा झाला आणि दादांनी मलाच उठवलं. "जा. नव्या जिल्ह्यात साहेब लई. इथं पेटी धूळ खाऊन राहिली."

लातुरात खुर्ची मिळेल त्याला व्हिजिटिंग कार्ड पाहिजे होतं, तेही तिरक्या इंग्रजीत. मी इतकी छापली की साहेब संपले, मग त्यांच्या मेव्हण्यांची छापली. दादा एकदाच आले. एक कार्ड उचलून म्हणाले, "लग्नाचं अक्षर हापिसाला लावलंस." चहा अर्धा ठेवून गेले.

धाकटा भाऊ मिलिंद बी.ए. झाला. मी 'बी' आणि 'ए' घासूनपुसून वेगळे काढून ठेवले आणि दादांच्या निरोपाची वाट बघत बसलो.

आली ती पत्रिका, पोस्टानं. वर बुद्धाचं चित्र, खाली 'मंगल परिणय'. पाकिटावर माझं नाव, पुढं 'सहकुटुंब'. आणि मिलिंदच्या नावापुढं बी.ए., घरच्या प्रेसमधल्या सरळ टायपात, विजेच्या खांबासारखं ताठ.

मांडवात दादा पाहुण्यांना फुलं वाटत होते. मी म्हणालो, "सांगितलं असतं तर पेटी घेऊन आलो असतो की."

माझ्या ओंजळीत फुलं टाकत ते म्हणाले, "पाव्हण्याला वझं उचलायला लावतेत का?"

आता प्रेस तिथंही नाही, इथंही नाही. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की वाट्टेल ते कलतं. गाव कोणतं म्हणून विचारलं, तर मी अजून उमरीच सांगतो. घरी येऊन ती पत्रिका काढतो, मान तिरकी करकरून बघतो. बी.ए. सरळच राहतं.